डावा-उजवा नसलेला जोडा

आमच्या गावात जोड्याला डावा-उजवा नसतो.
एकाच कलबुतावर दोन्ही ठोकतो मी
आणि गिऱ्हाइकाला सांगतो, रोज पाय बदलून घाल,
म्हणजे टाच एका अंगाला झिजणार नाही.
म्हणून कवायतीच्या दिवशी, कुरणावर,
कॅप्टन स्टॉडर्ड ओरडतो, "डावा!"
तेव्हा मला हसू येतं.
पायाला कळत असेल. माझ्या कातड्याला नाही.

कॅप्टन म्हणजे आमचा खानावळवाला.
हात वर करून आम्हीच निवडला त्याला,
कारण निम्म्या गावाची उधारी त्याच्या वहीत आहे
आणि उरलेल्या निम्म्याची व्हायची आहे.
सोळा ते साठ, सगळे पुरुष रांगेत.
बंदूक ज्याची त्याची, दारू ज्याची त्याची,
बंदुकीची म्हणतोय मी.
प्यायची कॅप्टनकडे मिळते, कवायत संपली की;
रोख नसेल तर चीज चालतं, लोकर चालते.
गैरहजर राहिलास तर दंड,
दंडाच्या पैशातून ढोलाचं कातडं,
ढोलाचं कातडं माझ्याकडून.
असा एकेक शिलिंग गावभर फिरून दमतो
आणि रात्री खानावळीत झोपतो.

माझी वही बघा:
ओबेड फ्रिस्बी, खोगिराचा पट्टा. जमा, दोन दिवस गवतकापणी.
विधवा थँकफुल गेलर्ड, सपाता. जमा, अर्धं पिंप साइडर.
पाद्रीबुवा, बूट. जमा काही नाही, तीन वर्षं.
इथामरचं पान नव्हतंच.
तो माझा उमेदवार; उमेदवाराची उधारी कसली,
नुसतं जेवण लिहायचं म्हटलं तरी वही पुरायची नाही.

त्या वसंतात वरून हुकूम आला:
उत्तरेच्या तळ्याकाठच्या किल्ल्यावर, गावातून अकरा माणसं.
चिठ्ठी निघाली गिरणीवाल्याच्या पोराची.
गिरणीवाल्यानं नऊ पौंड ठेवले माझ्या ठोकळ्यावर:
पाच माझे, करार सोडल्याबद्दल,
चार इथामरचे, जाण्याबद्दल.
मी मोजून घेतले. दोनदा.
एक नाणं कडेनं कातरलेलं होतं, ते बदलून मागितलं.

रात्रभर बसून त्याला जोडा शिवला.
दुहेरी तळ, मेणाचा दोरा, इंचाला दहा टाके,
आणि एका टाचेत जाड पट्टी,
कारण लहानपणी बैलगाडीखाली आलेला त्याचा डावा पाय
अर्ध्या क्षणानं उशिरा पडायचा.
"हा मात्र बदलून घालू नकोस," म्हणालो.

नोव्हेंबरात सात परत आले.
कोण कशानं गेलं ते विचारायचं नसतं;
बहुतेक हगवणीनं.
आठवड्यानं दुकानात जेरेड लूमिस आला,
वरच्या वस्तीतला लाकूडतोड्या.
बाकावर बसला, पाय पुढे केला.
"तळ लावून द्या. जोडा चांगलाय,
पण एक चावतो."

आपला टाका आपल्या अक्षरासारखा ओळखू येतो.
तोही बघत होता माझ्याकडे.
"त्याला आता लागणार नव्हता," म्हणाला.
मग बऱ्याच वेळानं, "बर्फ होतं."
मी काय बोलणार?
पाच पौंडांचं मी केव्हाच ओकचं साल आणि कातडं भरलं होतं.

तळ लावले.
पट्टी काढायला रापी आत घातली,
पण काढली नाही.
वहीत लिहिलं: तळ दोन, एक शिलिंग सहा पेन्स.
नावाची जागा तशीच आहे.

मे महिन्यात पुन्हा कवायत.
कुरण ओलं, गाई बाजूला हाकलेल्या,
जेरेड माझ्या पुढच्या रांगेत.
"डावा!" स्टॉडर्ड ओरडतो.
सगळे पाय पडतात.
मग, अर्ध्या क्षणानं, एक.

मी थांबलो. मागचा माझ्या पाठीवर आदळला,
त्याच्या बंदुकीचा दस्ता माझ्या कानावर.
रांग मोडल्याचा दंड, सहा पेन्स.
खानावळीच्या वहीत आहे तो, माझ्या नावावर.
अजून भरलेला नाही.